टाकले किती, चिकटले किती

पिंपळगाव बसवंतच्या पलीकडे माझ्या भाच्याची चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन फुटवे निघू लागले की फवारण्यांचा हंगाम सुरू होतो आणि त्याचे मला येणारे फोनही वाढतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी सव्वीस वर्षे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, आधी रंगांच्या आणि नंतर पाण्यात मिसळायच्या कीडनाशक पावडरींच्या विभागात. त्यामुळे फवारणीतले सगळेच मला कळते असा त्याचा समज आहे. बहुतेक वेळा तो समज खोटा ठरतो. या वेळचा प्रश्न मात्र नेमका माझ्या कामातला निघाला. “मामा, कॉपरची पावडर टाकीत कालवली की अर्ध्या तासात तळाला बसते आणि ब्लोअरच्या नोझल चोंदतात. दुकानदार म्हणतो, डिस्पर्संट वेगळा मिळतो, तो वरून टाका. दुप्पट टाकला तर काम होईल ना?”

फोनवर मी “आत्ता टाकू नकोस” एवढेच म्हणालो आणि रविवारी त्याला दोन कॅन घेऊन नाशिकला बोलावले. एका कॅनमध्ये बोअरचे पाणी आणि दुसऱ्यात शेततळ्याचे. डिस्पर्संट, म्हणजे पावडरीचे कण पाण्यात सुटे ठेवणारे द्रव्य, टाकणे ही एक गोष्ट आणि तो कणावर जाऊन बसणे ही दुसरी, हे कारखान्यात नव्याने आलेल्या मुलांना पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्या रविवारी भाच्याला तेच पुन्हा सांगावे लागले, म्हणून ते एकदा नीट लिहून ठेवतो.

या पावडरीतले कण काही मायक्रॉन आकाराचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके बारीक कण पाण्यात जवळ आले की व्हॅन डर वाल्स आकर्षणामुळे एकमेकांना धरतात आणि त्यांची गुठळी होते. गुठळी झाली की ती लवकर बुडते, कारण बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा स्टोक्सने १८५१ साली मांडलेला नियम आहे. मातीचा २ मायक्रॉनचा एक कण २० अंश तापमानाच्या स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला जवळजवळ ८ तास घेतो. २० मायक्रॉनचा तितकाच भरीव कण तेवढे अंतर पाच मिनिटांच्या आत कापतो. गुठळ्या आतून पोकळ असतात, म्हणून प्रत्यक्षात फरक अगदी शंभर पटींचा पडत नाही, पण टाकीच्या तळाशी गाळ का साचतो ते यावरून कळते. त्यातून भाच्याच्या पावडरीतल्या कॉपर ऑक्सिक्लोराइडची घनता पाण्याच्या साडेतीन पटींच्या आसपास, म्हणजे मातीपेक्षाही जड काम.

कणांना एकमेकांपासून दूर ठेवायचे दोन मार्ग आहेत. सगळ्या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार चढवला तर ते एकमेकांना ढकलतात. आकर्षण आणि हे ढकलणे यांचा हिशोब देर्यागिन आणि लांदाउ यांनी १९४१ मध्ये, तर फेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडला. दुसरा मार्ग म्हणजे कणाभोवती लांब साखळ्यांचा असा दाट थर उभा करायचा की दोन कणांचे पृष्ठभाग आकर्षणाच्या टप्प्यात येऊच नयेत. डिस्पर्संट यांपैकी एक किंवा दोन्ही कामे करतो, आणि अशा पावडरीत तो कारखान्यातच मिसळलेला असतो. या पदार्थाला पुस्तकी मराठी प्रतिशब्द आहेत, पण ते अंबडमध्ये किंवा सातपूरमध्ये कोणाच्या तोंडी मी ऐकले नाहीत, म्हणून मी डिस्पर्संटच म्हणतो. अधिशोषण हा शब्द मात्र सोडता येत नाही. माठ पाणी पितो ते शोषण. तिथे पाणी आत मुरते. अधिशोषणात रेणू आत जात नाही, पृष्ठभागावरच बसतो.

भाच्याला मी पोळीचा दाखला दिला. लाटताना गोळा पोळपाटाला चिकटू नये म्हणून आपण पिठी लावतो. ती गोळ्याला लागली तरच उपयोगाची. पोळपाटाच्या कडेला सांडलेली पिठी कितीही असली तरी गोळा चिकटायचा तो चिकटतोच, आणि जास्त झालेली पिठी तव्यावर जळते. डिस्पर्संटचेही असेच आहे. पाण्यात मोकळा फिरणारा भाग कणाला वाचवत नाही. दाखला येथवरच पुरतो, कारण पिठी आपण हाताने लावतो आणि डिस्पर्संटच्या रेणूला स्वतःहून पृष्ठभाग शोधून, पाण्यापेक्षा तोच बरा असे ठरवून तिथे बसावे लागते.

हे ठरते कसे, यात या विषयाची सगळी गंमत आहे. गंधकाच्या कणाचा पृष्ठभाग पाण्याला नकोसा असतो. भुरी रोगासाठी वापरायची गंधकाची पावडर साध्या पाण्यावर टाकली की तरंगत राहते, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. अशा पृष्ठभागावर डिस्पर्संटचा तेलकट भाग, म्हणजे बेंझीनसारख्या कड्या असलेला भाग टेकतो आणि सल्फोनेटचे भारित टोक पाण्याकडे राहते. धातूंच्या ऑक्साइडांचे आणि क्षारांचे पृष्ठभाग वेगळे. त्यांच्यावर बऱ्याचदा धनभार असतो किंवा धातूच्या अणूला लागून हायड्रॉक्सिल गट असतात, आणि तिथे ऋणभारित कार्बोक्झिलेट किंवा फॉस्फेट गट थेट त्या धातूशी बांधला जातो. म्हणून टिटॅनियम डायऑक्साइडच्या रंगाला चालणारा पॉलिअॅक्रिलेट गंधकाला चालेलच असे नाही. चांगला डिस्पर्संट कोणता, या प्रश्नाला कशासाठी हे विचारल्याशिवाय उत्तर नसते.

रेणू लांब साखळीचा असेल तर तो सगळाच्या सगळा पृष्ठभागावर आडवा पडत नाही. काही तुकडे टेकलेले असतात, मधले तुकडे कमानीसारखे वर उचललेले असतात आणि दोन्ही टोके शेपटीसारखी पाण्यात हलत राहतात. टेकलेले तुकडे पकड देतात, कमानी आणि शेपट्या शेजारच्या कणाला लांब ठेवतात. सगळेच तुकडे टेकले तर थर पातळ आणि कुचकामी होतो. फारच थोडे टेकले तर रेणू सुटून जातो. चांगल्या डिस्पर्संटची रचना म्हणजे या दोहोंमधली तडजोड असते.

आता, कणावर किती बसले ते मोजायचे कसे? बसलेला भाग डोळ्यांना दिसत नाही आणि खरवडून काढता येत नाही. म्हणून उलट्या बाजूने मोजतात: पाण्यात मुळात किती होते आणि शेवटी किती उरले, त्यातला फरक. ठरावीक वजनाची पावडर, ठरावीक तीव्रतेचे डिस्पर्संटचे पाणी, बाटलीला बूच लावून काही तास शेकरवर हलवायचे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून कण तळाशी बसवायचे आणि वरच्या निवळीत डिस्पर्संट किती उरला ते काढायचे. लिग्नोसल्फोनेट हा लाकडापासून मिळणारा डिस्पर्संट. त्यात बेंझीनसारख्या कड्या असल्याने ते २८० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषते आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर सरळ मोजता येते. पॉलिअॅक्रिलेटला अशा कड्या नाहीत. तिथे एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. मिळालेला फरक पावडरीच्या वजनाने आणि तिच्या पृष्ठफळाने भागला की एका चौरस मीटरवर किती मिलिग्रॅम बसले हा आकडा हाती येतो. पृष्ठफळ काढण्याची नायट्रोजनची रीत ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये दिली, आणि ती आजही चालते. पॉलिमर डिस्पर्संटसाठी हा आकडा बहुधा १ मिलिग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे येतो. टाकीतल्या पाण्याच्या आणि पावडरीच्या हिशोबात एवढीशी मात्रा. सगळे काम तिच्यावर.

सांगायला हे सोपे वाटते. मी पहिल्या वर्षी केलेली चूक अजून विसरलो नाही. सेंट्रिफ्यूज केल्यानंतरही निवळी किंचित गढूळ दिसायची, म्हणून मी ती बारीक मेंब्रेन फिल्टरमधून गाळून मग मोजत असे. आकडे छान येत होते, प्रत्येक पावडरीवर भरपूर अधिशोषण दिसत होते आणि मी तसा अहवालही दिला. आमच्या वरिष्ठ बाईंनी एकच प्रश्न विचारला: पावडर न घालता नुसते डिस्पर्संटचे पाणी गाळून पाहिले का? पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा त्यातही घट आली. मी पावडरीवर बसलेला म्हणून जो डिस्पर्संट मोजत होतो, त्यातला बराचसा फिल्टरवर बसलेला होता. फिल्टर हाही घन पृष्ठभागच, आणि रेणूला फिल्टर आणि औषध यांत भेद करायचे कारण नाही. पहिले काही मिलिलिटर गाळून फेकून द्यायचे, मगच नमुना घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी पावडरीविना एक बाटली बरोबर चालवायची, हे त्या दिवसापासून अंगवळणी पडले. याच्या उलट बाजूची चूकही होते: पावडरीतून काही विरघळून आले आणि तेही २८० नॅनोमीटरला शोषत असेल तर अधिशोषण कमी दिसते. डिस्पर्संटचा कॅल्शियमबरोबर साका झाला आणि तो सेंट्रिफ्यूजमध्ये कणांबरोबर खाली गेला, तर जे कणावर बसलेच नाही तेही बसल्याच्या खात्यात जमा होते. पॉलिअॅक्रिलेटच्या बाबतीत हे मी पाहिले आहे.

वेगवेगळ्या तीव्रतांना हे मोजून आलेख काढला की तो आधी चढतो आणि मग सपाट होतो. लँगम्यूरने १९१८ मध्ये काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर बसणाऱ्या वायूंसाठी असे सूत्र दिले, की पृष्ठभागावर जागा मोजक्या आहेत, त्या भरल्या की संपले. पॉलिमरसाठी त्याची गृहीतके लागू पडत नाहीत, कारण एक रेणू अनेक जागा अडवतो आणि एकदा बसला की सहज उठत नाही. तरी आलेख बराचसा तसाच दिसतो आणि कारखान्यात सगळे त्याला लँगम्यूरच म्हणतात. आलेख जिथे सपाट होतो, तिथून पुढे टाकलेला प्रत्येक ग्रॅम पोळपाटावर सांडलेली पिठी.

मात्र व्यापारी डिस्पर्संटचा आलेख असा टोकदार वळत नाही. तो रेंगाळत, गोलाकार वळतो, आणि त्याचे कारण मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. लिग्नोसल्फोनेट हा एक पदार्थ नाहीच. सल्फाइट पद्धतीने लाकडाचा लगदा करताना लिग्निनचे जे तुकडे पाण्यात उतरतात त्यांचे ते मिश्रण आहे. काहींचा रेणुभार हजाराच्या आसपास, काहींचा लाखाच्या वर, शिवाय त्यात लाकडातली साखर आणि क्षार. (व्हॅनिलाच्या वासाचा व्हॅनिलिनही याच लिग्नोसल्फोनेटपासून करतात, आइस्क्रीम खाताना मला पावडर विभाग आठवतो, याला इलाज नाही.) साखर आणि क्षार वेगळे काढायचे असतील तर डायलिसिसच्या पिशवीत भरून ऊर्ध्वपातित पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवतात, लहान रेणू पिशवीच्या भोकांतून बाहेर जातात, मोठे आत राहतात. मोठ्या प्रमाणावर हेच काम अल्ट्राफिल्ट्रेशनने होते. रेणूंची आकारानुसार प्रतवारी पाहायची तर जेलचा कॉलम वापरतात; त्यात मोठे रेणू जेलच्या छिद्रांत शिरत नाहीत म्हणून आधी बाहेर पडतात आणि लहान रेणू आडवाटांनी फिरून मागून येतात.

पण अशी वेगळी व्यवस्था न करताही निवड होतेच, कारण ती पावडर स्वतः करते. पावडरीशी हलवलेल्या लिग्नोसल्फोनेटची निवळी आम्ही कॉलममधून सोडली तेव्हा आलेखातला पुढचा भाग, म्हणजे मोठ्या रेणूंचा भाग, खचलेला दिसला आणि लहान रेणूंचा भाग बराचसा जागच्या जागी होता. मोठे रेणू कणांवर गेले होते, लहान पाण्यात राहिले होते. लहान रेणू चपळ असल्याने पृष्ठभागावर आधी पोहोचतात आणि जागा धरतात. मागून आलेला मोठा रेणू अनेक ठिकाणी टेकून त्यांना हळूहळू उठवतो. ही अदलाबदल व्हायला वेळ लागतो. पाच मिनिटे ढवळलेली आणि दोन तास ढवळलेली पावडर वेगळी वागते ती यामुळे, आणि म्हणूनच एकाच नावाच्या डिस्पर्संटच्या दोन खेपा काटेकोर सारख्या प्रमाणात टाकूनही सारख्या निघत नाहीत, कारण दुसऱ्या खेपेत कामाचे मोठे रेणू कमी असू शकतात. टाकलेल्या शंभर ग्रॅमपैकी कामाचे ग्रॅम किती, हे पिशवीवर छापलेले नसते.

तेवढीच महत्त्वाची दुसरी बाब पातळ करण्याची. २ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात गेली आणि तिच्यात ५ टक्के डिस्पर्संट असला, तर पाण्यात तो लिटरला जेमतेम ०.१ ग्रॅम होतो. पावडर ओली व्हावी म्हणून घातलेले लहान रेणूंचे ओलकारक द्रव्य एवढ्या पातळ पाण्यात पृष्ठभाग सोडून निघून जाते. त्याचे काम पहिल्या मिनिटाचे असते, ते झाले की त्याची गरजही संपते. साखळीच्या रेणूला मात्र पृष्ठभाग सोडायचा तर सगळ्या टेकलेल्या जागा एकाच वेळी सोडाव्या लागतील, आणि तसे सहसा घडत नाही. दुकानात मिळणारे स्प्रेडर, म्हणजे औषध पानावर पसरवणारे द्रव्य, किंवा भांड्याचे लिक्विड हेही लहान रेणूंचेच, म्हणून ते डिस्पर्संटच्या जागी चालत नाही. भाच्याने एकदा भांड्याचे लिक्विड टाकून पाहिल्याचे येथेच कबूल केले. फेस भरपूर आला होता.

आता त्या रविवारकडे येतो. हे औषध स्वयंपाकघरात नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून गच्चीवर मांडामांड केली. पाण्यातल्या पावडरींसाठी जगभर मान्य असलेली एक साधी चाचणी आहे. २५० मिलिलिटरच्या मापनळीत मिश्रण भरायचे, बूच लावून तीस वेळा उलटे-सुलटे करायचे, ३० अंश तापमानाला अर्धा तास न हलवता ठेवायचे, मग तळ न ढवळता वरचे २२५ मिलिलिटर खेचून घ्यायचे आणि खाली उरलेल्या २५ मिलिलिटरमध्ये पावडर किती ते पाहायचे. पावडर अजिबात बसली नसेल तर तळाच्या दहाव्या भागात दहावाच हिस्सा सापडतो. जितका जास्त सापडेल तितकी पावडर नापास. या चाचणीसाठी वापरायचे कठीण पाणीसुद्धा ठरलेले आहे: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला ३४२ मिलिग्रॅम कठीणपणा, त्यात कॅल्शियम चार भाग आणि मॅग्नेशियम एक भाग. भाच्याच्या बोअरचा तपासणी अहवाल मी आधीच मागवून घेतला होता. त्यात कठीणपणा ६२० होता.

सराफ बाजारातून कधीकाळी घेतलेला एक सेंटिग्रॅमचा काटा माझ्याकडे आहे. प्रत्येक मापनळीत ०.५० ग्रॅम पावडर घेतली. तळाचे २५ मिलिलिटर मंद हॉट प्लेटवर आटवून वजन केले, आणि तितकेच नुसते पाणी आटवून त्यातल्या क्षारांचे वजन वजा केले. बोअरच्या बाबतीत ते ०.०२ ग्रॅम भरले, म्हणजे ते वजा केले नसते तर निकाल चार टक्क्यांनी चुकला असता. शेततळ्याच्या पाण्यात तळाशी ०.०९ ग्रॅम पावडर सापडली, बोअरच्या पाण्यात ०.२१ ग्रॅम. वर राहिलेली पावडर ०.४५ ग्रॅमशी, म्हणजे काहीच बसले नसते तर वर राहिली असती तेवढ्या पावडरीशी, ताडली तर पहिल्यात ९१ टक्के पावडर तरंगती राहिली, दुसऱ्यात ६४ टक्के. पावडर तीच, डिस्पर्संट तोच. पाणी बदलले होते.

कठीण पाणी काय करते, याचे उत्तर ऐकून भाचा जरा गोंधळला, आणि त्याचा दोष नाही, कारण मी त्याला तासभर चिकटलेला भागच कामाचा असे सांगत होतो. कॅल्शियममुळे डिस्पर्संट कणावर कमी बसत नाही. उलट जास्त बसतो. साध्या पाण्यात ऋणभारित साखळ्या एकमेकींना ढकलतात, त्यामुळे पृष्ठभागावर त्यांची दाटी होऊ शकत नाही. कॅल्शियम आले की ते ढकलणे मिटते, साखळ्या गोळा होऊन आखूड होतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मावतात. फरकाने मोजणारा माणूस अधिशोषण वाढले म्हणून खूष होईल. पण ज्या ढकलण्यावर कण एकमेकांपासून लांब होते तेही त्याच कॅल्शियमने मिटवलेले असते, आणि पाण्यात पसरायच्या शेपट्या आक्रसलेल्या असतात. कणावर थर आहे, पण पातळ आणि निर्बल. चिकटले किती याच्या पुढचा प्रश्न, चिकटून बसले कसे, हा आहे. तो निवळीतून कळत नाही, कणांवरचा भार किंवा थराची जाडी मोजूनच कळतो. माझ्या मते आमच्या क्षेत्रात बऱ्याच चुकीच्या निष्कर्षांचे मूळ येथे आहे: मोजायला सोपे ते मोजले, आणि मोजले तेच खरे मानले.

भाच्याचा मूळ प्रश्न अजून बाकी होता. त्याच्या समाधानासाठी तिसऱ्या नळीत बोअरचे पाणी घेऊन दुकानातला डिस्पर्संट वरून टाकला. तळाशी ०.२० ग्रॅम मिळाली, म्हणजे ६७ टक्के. काट्याची चूक धरली तर ६४ आणि ६७ एकच. पृष्ठभाग आधीच भरलेला होता, वरून टाकलेला भाग पाण्यात फिरत राहिला. फार जास्त टाकला असता तर नुकसानही झाले असते, कारण मोकळ्या साखळ्यांची गर्दी झाली की दोन कणांच्या मधल्या फटीत त्या मावत नाहीत आणि बाहेरच्या दाबाने कण एकमेकांवर ढकलले जातात. हे जपानच्या असाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ मध्ये दाखवले. फार कमी टाकला तर वेगळीच आपत्ती. अर्धवट झाकलेल्या दोन कणांवर एकच लांब साखळी दोन्हीकडून टेकते आणि पूल बांधते. सांडपाणी निवळायला हीच युक्ती मुद्दाम वापरतात.

चौथ्या नळीसाठी मी क्रम बदलला. पावडर आधी थोड्या शेततळ्याच्या पाण्यात घट्ट कालवून पंधरा मिनिटे ठेवली, म्हणजे साखळ्यांना कॅल्शियम भेटण्याआधी पृष्ठभागावर नीट बसायला सवड मिळाली, आणि मग ती लापशी बोअरच्या पाण्यात सोडली. तळाशी ०.१७ ग्रॅम, म्हणजे ७३ टक्के. एक पैशाचे जादा रसायन न टाकता मिळालेली ही वाढ मला दुकानातल्या बाटलीपेक्षा जास्त बोलकी वाटली, जरी एकाच नळीवरून मी अहवाल लिहिला नसता.

“मग शेततळ्याचे पाणी गढूळ असेल तेव्हा?” भाच्याने विचारले, आणि प्रश्न अचूक होता. आपल्याकडची काळी माती स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीने भरलेली असते. तिचे पापुद्रे इतके पातळ की ग्रॅमभर मातीचे पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर होते, आणि त्या पृष्ठभागालाही डिस्पर्संट हवाच असतो. गढूळ पाण्यात पावडर कालवली तर वाटेकरी वाढतात. बांधकामवाल्यांना हा त्रास चांगला माहीत आहे: वाळूत माती असली की काँक्रीट प्रवाही करणाऱ्या पॉलिकार्बोक्झिलेटच्या बाजूच्या साखळ्या मातीच्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरून बसतात आणि सिमेंटला काही उरत नाही. मातीचे पोत काढणाऱ्या प्रयोगशाळेत तर मातीलाच डिस्पर्संट घालतात, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. मातीच्या पापुद्र्यांच्या सपाट बाजू ऋणभारित आणि कडा आम्लधर्मी पाण्यात धनभारित असतात, त्यामुळे कडा बाजूला चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होते. फॉस्फेट कडांवर बसून त्यांचा भार उलटवते, जोडून ठेवणारा कॅल्शियम पकडून ठेवते, आणि बंगला कोसळतो. मग हायड्रोमीटर लावून चिकणमाती किती ते मोजता येते. पावसाळ्यात नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर येतो आणि पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढते, तेव्हा त्या लाल-काळ्या पाण्याला घरोघरी तुरटी फिरवायचे, ते बरोबर याच्या उलट काम: अॅल्युमिनियमने कणांवरचा भार मारायचा आणि त्यांना मुद्दाम एकत्र आणायचे. गढूळ पाणी आधी स्थिर ठेवून निवळून घे, एवढेच मी त्याला सांगितले. तुरटीचे नाव काढले नाही, नाहीतर त्याने ती फवारणीच्या टाकीत टाकली असती.

संध्याकाळी निघताना त्याने दुकानातली बाटली माझ्याकडेच ठेवली. शेततळ्यात पाणी किती आहे असे मी विचारले. “फवारणीपुरते आहे मामा, ड्रिपला पुरणार नाही.” म्हणून आता ड्रिप बोअरवर चालते आणि ब्लोअरची टाकी शेततळ्यातून भरते, पावडर तो आधी बादलीत कालवून पंधरा मिनिटे ठेवतो. परवाच्या फवारणीत दोन नोझल चोंदल्या, आधी सात-आठ चोंदायच्या. त्या दोनही जुन्या गाळणीमुळे, असे त्याचे म्हणणे आहे. गाळणी नाशिकला पाठव, असे मी कळवले आहे.